डोळ्याला पाणी चालत नाही

आपल्याला कुणी कधी भरवलं होतं, हे रेवताबाईला आठवत नव्हतं. लहानपणी आईने भरवलं असेल तेवढंच. त्यामुळे तुमसरच्या शाळेतल्या नेत्रशिबिरात, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचा चमचा ओठांना लागला, तेव्हा तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"मी हातानं जेवीन," ती म्हणाली.

"हातानं जेवायचं तर उठून बसावं लागेल, आजी. आणि उठायचं नाही आहे." सिस्टरचा आवाज कोवळा होता, नागपूरकडचा. "उताणंच राहायचं. मान वळवायची नाही. खोकायचं नाही, जोरात बोलायचं नाही. आणि रडायचं तर बिलकुल नाही. आत टाके आहेत. डोळ्याला पाणी चालत नाही."

"आमी ढिवराचे लोक वो बाई. आमचं तं सारं पाण्यावरच चालते."

सिस्टर हसली आणि त्या हसण्याच्या फटीत तिने चमचा आत सारला. रेवताबाईने गिळला. पेज गरम होती, मीठ बेतानं होतं. आयुष्यभर आधी दुसऱ्यांची ताटं भरून मग आपलं वाढून घेणाऱ्या बाईला तो घास नुसता गिळायलाही जड गेला.

वर्ग सातवीचा होता. बाकं बाहेर काढून जमिनीवर धानाची तनस, भाताचा वाळका पेंढा, अंथरली होती, तिच्यावर सतरंज्या आणि त्यांच्यावर ओळीने बाया. पौषाची थंडी असूनही तनशीची ऊब पाठीला लागत होती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं होतं. पण एक डोळा फिरला की दुसराही फिरतो, म्हणून पट्टी दोन्हींवर होती. रेवताबाईजवळ उरले होते ते कान, नाक आणि मनगटाला बांधलेला नंबर. सिस्टर त्या नंबरानेच हाक मारायची.

इथे ती आपल्या हट्टाने आली होती. आंबागडच्या पायथ्याशी तळ्याकाठी त्यांची टोली, ढिवरांची वस्ती. टोलीत कुणी म्हणे, तिथे डोळाच काढून घेतात. कुणी म्हणे, बाई आंधळी होऊन परत येते. थोरला मुरारी म्हणाला होता, "जेवढं दिसते तेवढ्यात भागव, माय." पण तिने विणलेलं जाळं एका गिऱ्हाइकाने परत आणून दिलं होतं. आसं, म्हणजे जाळ्याची भोकं, लहानमोठी पडली होती, मासे निसटत होते. रेवताबाईचं जाळं कधी कुणी परत केलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने लेकीला, जमुनेला, सासरहून बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मले शिबिरात घेऊन चाल." टोलीत अशी जाणारी ती पहिलीच.

पडून राहणं तिला अवघड गेलं नाही. गरी टाकून काठावर बसणाऱ्याला हलून चालत नाही, हे ती पोरवयात शिकली होती. अवघड होतं ते घेणं. पाणी दुसऱ्याच्या हातचं, तोंड पुसायचं दुसऱ्याने, आणि अंथरुणातलं भांडं उचलून नेणारी तर कॉलेजातली कुणी पोर होती. पहिल्या वेळी रेवताबाईच्या कानशिलांना शरमेने घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तिने त्या पोरीचा हात धरून ठेवला. हात गार होता, नुकताच धुतलेला.

"तुहं नाव काय?"

पोरीने सांगितलं.

"तुह्या मायले सांगजो, तिनं चांगली पोरगी वाढवली."

 त्यानंतर येताजाता ती पोर रेवताबाईची गोधडी नीट करून जाऊ लागली. मग रेवताबाईने जो येईल त्याचं नाव विचारायला सुरुवात केली. थेंब टाकणारी, पेज शिजवणारी, कंदील लावणारा शिपाई. संध्याकाळी पडल्या पडल्या ती एकेक नाव मनात घोळवी आणि म्हणे, याचं भलं कर, हिचं भलं कर. एवढी माणसं आपल्या एका डोळ्यासाठी राबताहेत, याचा तिला भार वाटत होता तो हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी एक मोठेपण आलं. आपण तेवढ्या मोलाच्या आहोत, असं काहीसं.

अशाच एका दुपारी डाव्या अंगाच्या अंथरुणावरून आवाज आला.

"सिस्टर, पाणी."

आवाज बारीक होता, थकलेला. पण त्यातला 'स' शिटीसारखा वाजला.

रेवताबाईची बोटं सतरंजीत रुतली. अशी शिटी जगात एकाच तोंडातून येत होती. नवी नवरी होऊन आलेली धाकटी जाऊ, तारा, तळ्यातला वाळका शिंगाडा दाताने फोडायला गेली होती आणि पुढच्या दाताचा टवका उडाला होता. तेव्हा दोघी जावा चुलीपुढे पोट धरून हसल्या होत्या. त्यानंतर ताराने 'सासूबाई' म्हटलं की घरभर शिटी वाजायची आणि रेवताबाई पदर तोंडात कोंबायची.

मग इश्वर गेला. ताराचा थोरला, मुरारीच्या बरोबरीचा. दोघं एका डोंग्यातून जाळं काढायला गेले होते, वाऱ्याने डोंगा उलटला आणि मुरारी एकटाच जिवंत निघाला. प्रेतापुढे तारा ओरडली होती, "तुहा आला, माहा काहून नाही आला?" रेवताबाईनेही तोंड उघडलं होतं: "माह्या पोरानं मारलं का त्याले?" दोन वाक्यं, बस. तेरवी झाल्यावर तारा धाकट्या भोजराजला घेऊन माहेरी करडीला निघून गेली, ती टोलीकडे फिरकली नव्हती.

आधी रेवताबाईच्या छातीत जुना जाळ उठला. मग सिस्टरचे शब्द आठवले आणि वेगळीच धास्ती वाटली. तारा रडायची ती अंगभर रडायची, गावाला ऐकू जाईल असं. शेजारी कोण निजलंय हे तिला कळलं तर? ती उठून बसेल, ऊर बडवेल आणि तिचा डोळा जाईल.

जमुना पाणी पाजायला आली तेव्हा रेवताबाईने तिचं मनगट धरून कान जवळ ओढला.

"डाव्या अंगाले कोण हाय?"

"हाय एक बाई. करडीची."

"जमुने."

जमुनेने आवाज खाली केला. "काकी हाय, माय. तुह्यामागूनच तिले टेबलावर घेतलं होतं. आता हलवता येत नाही म्हणते डॉक्टर."

"तिले मालूम हाय?"

"नाही. तिच्यासंग तिची सून हाय, तुळसा. चांगली हाय पोरगी. आमी दोघीनं ठरवलं, पट्ट्या सुटत वरी नाव घ्याचं नाही. भोजराजले बी नाही सांगतलं आमी अन् मुरारीदादाले बी नाही."

"अन् मले बी नाही."

"तुले बी नाही," जमुना म्हणाली. "तू तं पयली."

रेवताबाईला लेकीचा राग यायला हवा होता. आला तो अभिमान. दोन घरांतले बाप्ये इतकी वर्षं जे करू शकले नव्हते, ते या दोन पोरींनी नळावर भांडी घासता घासता ठरवून टाकलं होतं. तिने जमुनेचं मनगट सोडलं आणि त्या क्षणापासून ती जवळजवळ मुकी झाली. सिस्टरने काही विचारलं तर हात हलवून उत्तर देऊ लागली. खोकला आला तर गिळू लागली. त्या गप्प राहण्यात थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोला. बोलायचंच असेल तर आधी ताराने बोलावं. पण ताठ्यापेक्षा काळजी मोठी होती. डावीकडून कण्हणं आलं की रेवताबाई स्वतःचा श्वास धरून ऐके. तिकडे श्वास पुन्हा सरळ झाला की मगच आपला सोडे.

बाजाराच्या दिवशी मुरारी आला.

मुरारीचा आवाज म्हणजे तळ्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारणाऱ्याचा आवाज. दारातूनच तो म्हणाला, "माय, कशी हाय तू?" आणि सगळ्या वर्गात तो आवाज घुमला. रेवताबाईने हात वर केला, गप्प राहा म्हणून. पण बाण सुटला होता. डावीकडचा श्वास थांबला.

"काय झालं?" मुरारी जवळ येत म्हणाला. मग त्याची पावलं अडखळली. त्याने पाहिलं होतं.

तेवढ्यात दारात दुसऱ्या चपला वाजल्या. तुळसा घाईने म्हणाली, "तुमी बाहेर चला ना, मी भाकर तिकडंच..." पण तिला बाजूला सारून तो माणूस आत आला. कोवळ्या मिसरुडाचा भोजराज रेवताबाईला आठवत होता. हा आवाज पुऱ्या माणसाचा होता.

"तू इथं काय करून राहिला?"

"माही माय हाय इथं," मुरारी म्हणाला.

"अन् ही माही माय हाय. हिच्या बाजूले तुमचं अंथरूण टाकाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही टाकलं, भोजराज," जमुना म्हणाली. "डॉक्टरनं टाकलं."

"मंग मी उचलून दुसऱ्या खोलीत नेतो. तुळसा, पायाकडून धर."

"मी नाही धरत," तुळसा म्हणाली. आवाज थरथरत होता, पण शब्द साफ होते. "हलवलं तं डोळा जाईन त्यायचा. मले सिस्टरनं तीनदा सांगतलं."

"तू बी तिकडंच का?"

"मी डोळ्याकडं हाव."

वर्गातल्या सगळ्या बाया श्वास धरून होत्या. कुणाला काही दिसत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. रेवताबाईच्या घशाशी शब्द आले. माझ्या पोराला या खोलीतून कोण काढतो पाहते, असले काहीतरी. तिने ते गिळले. वाळूच्या पिशव्यांमध्ये मान होती तशीच ठेवली.

मुरारी बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली होता की तो त्याचा वाटलाच नाही.

"काकीले हात नोको लावू, भोजराज. मी जातो बाहेर. पट्ट्या सुटत वरी मी आत नाही येत. तू बस इथं."

त्याची पावलं दाराकडे वळली.

"भोज्या," डावीकडून शिटी वाजली. "बस खाली."

"माय, तुले मालूम नाही बाजूले कोण..."

"मालूम हाय मले. पयल्या दिवशीच मालूम झालं. सिस्टरनं पेज भरवली तं ही म्हणे, मी हातानं जेवीन. साऱ्या भंडारा जिल्ह्यात असं म्हणणारी एकच बाई हाय." तारा थांबली. हळू श्वास घेतला. "मी गप होती. म्हटलं, हिले समजलं तं ही उठून बसंल. हिचा राग मले मालूम हाय. फुकट डोळा जाईन हिचा."

रेवताबाईच्या पट्टीखाली काहीतरी गरम दाटून आलं. तिने नाकाने लांब श्वास ओढला, सोडला, पुन्हा ओढला. ते मागे सरलं.

"तारा," ती म्हणाली, "मी बी त्याच्याचसाठी गप होती."

"तं मंग. दोघीच्या दोघी मुक्या बसल्या." ताराच्या आवाजात हसू होतं की कण्हणं, कळत नव्हतं. "मले तुह्यासंग भांडाचं हाय, बाई. लय भांडाचं हाय. पण पट्टी सुटल्यावर."

"मी कुठं पळून चालली? मी बी उताणीच हाव."

कुणीतरी बाई पलीकडून खुदकन हसली आणि सिस्टर धावत आली, हसायचं नाही म्हणून दटावत.

मुरारी अजून दारातच उभा होता. तारा म्हणाली, "मुरारी, उद्या ये. अन् माह्या पायाशी बसजो, कानात वरडू नोको."

तो दुसऱ्या दिवशी आला, दुपारी. बाहेर उन्हात चुली पेटल्या होत्या, सोबत आलेली माणसं स्वयंपाकाला लागली होती, भाताच्या वाफेचा वास खिडकीतून येत होता. मुरारीने चपला दारातच काढल्या. तो ताराच्या पायाशी बसला, हे रेवताबाईला तनस दबल्याच्या आवाजावरून कळलं.



"त्या दिवशीचं सांग," तारा म्हणाली.

"आता, काकी? इथं?"

"इथंच. तू करडीले दोनदा आलता, मले मालूम हाय. भोज्यानं दारातून वापस पाठवलं. मी आत बसून होती. आत घेतलं असतं तं तू पयला शब्द बोलल्याबरोबर मी ऊर बडवून घेतला असता, अन् तुहं सांगणं राहून गेलं असतं. इथं बडवता येत नाही. रडता येत नाही. इथं ऐकता येते. सांग."

मुरारीने सांगायला सुरुवात केली. त्याच्या आईने हे सगळं एकदाच ऐकलं होतं, त्या दिवसांतच, चुलीपाशी. तेव्हा तो म्हणाला होता, काकीला हे मी सांगीन, दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिच्याकडे जायला नको. रेवताबाईने शब्द पाळला होता. टोलीत लोक काय वाटेल ते बोलत, आणि तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"वारा आला अन् डोंगा कलंडला," मुरारी म्हणाला. "दोघं बी पाण्यात गेलो. माहं धोतर जाळ्यात अटकलं. मी खाली होतो, काकी. वर उजेड दिसत होता, पण पाय सुटत नव्हता. इश्वर वर होता. त्याचा हात डोंग्याले लागला होता, मी खालून पाहिलं. तो सुटला होता."

ताराचा श्वास ऐकू येत नव्हता.

"मंग त्यानं डोंगा सोडला अन् खाली आला. माहं धोतर फाडलं त्यानं, दातानं फाडलं. मले वर ढकललं. मी वर आलो, श्वास घेतला, म्हटलं, आता हा येईन. तो नाही आला. जाळ्यानं त्याले धरलं. मी बुड्या मारल्या, काकी. मंग लोक आले अन् मले काठावर बांधून ठेवलं, नाही तं मी बी..." त्याचा आवाज अडला. तो रडू शकत होता, त्याच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. पण तो रडला नाही. दोन बायांच्या मध्ये बसून त्याने आवाज सरळ केला. "एवढंच हाय. मले वाचवाले कोणी सांगतलं नव्हतं त्याले. तो आपल्या मनानं आला."

डावीकडे शिटी वाजली. शब्द नव्हता, नुसता श्वास. मग दुसरा, घाईचा. रेवताबाईने अंधारात हात लांबवला. तनस, सतरंजीची कड, मग एक हाडकुळं मनगट सापडलं.

"तारा. नाकानं श्वास घे. तोंड उघडू नोको."

"मी रडत नाही."

"मालूम हाय. नाकानं घे."

दोघींनी मिळून श्वास घेतले. एकीचा चुकला की दुसरी हात दाबत होती. बाहेर कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं, त्याचा आवाज झाला. हळूहळू ताराचं मनगट सैल पडलं.

"आपल्या मनानं खाली गेला," ती म्हणाली. "कोणी हाक नाही मारली अन् गेला."

"हो, काकी."

"असाच होता तो." आणि तिच्या आवाजात रेवताबाईला जे ऐकू आलं ते दुःख नव्हतं, निदान नुसतं दुःख नव्हतं. लग्नात पोराला पहिल्यांदा फेटा बांधलेला पाहून आई बोलते, तसं काहीसं ते होतं. "लहान होता तवा बी असाच. कोंबडीचं पिल्लू विहिरीत पडलं होतं तं कोणाले न इचारता उतरला. मी मारलं होतं त्याले." ती थांबली. "इतके वरसं मी म्हणत होती, माहा पोरगा बुडाला. बुडाला नाही तो. गेला होता. कामाले गेला होता."

दाराशी चपला सरकल्या. भोजराज तिथे केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. तो आत आला आणि पुन्हा तनस दबली, मुरारीच्या शेजारी.  थोड्या वेळाने भोजराज म्हणाला, "दादा, जेवला का तू?" आणि मुरारी म्हणाला, "नाही."

"मंग चाल. तुळसानं भात टाकला हाय."

दोघांची पावलं बाहेर गेली. रेवताबाईने अजून ताराचं मनगट सोडलं नव्हतं. जे सांगायचं होतं ते तिच्याजवळ इतकी वर्षं तयार होतं. नुसतं कुणाला द्यायचं ते माणूस समोर नव्हतं.

"तारा, माह्या घरात चूल पेटते ते तुह्या पोरानं. मुरारीचे लेकरं हायेत ते तुह्या पोरानं. मी रोज सकाळी उठली का आधी त्याचं नाव घेते, मंग देवाचं. टोलीत कोणाले मालूम नाही. तुले मालूम असावं."

ताराने नाकाने एक लांब श्वास घेतला. मग म्हणाली, "मी आयकलं का मुरारी डोंग्यात बसत नाही म्हणून."

"नाही बसत. काठावरूनच जाळं फेकते. लोक भेकड म्हणतात त्याले, तो आयकून घेते. पण काठावरून त्याच्याएवढं दूर जाळं कोणाचं जात नाही, तारा. आख्ख्या टोलीत नाही."

"जात असंल." ताराने हात सोडवून घेतला; रागाने नव्हे, ऐटीने. "पण त्याले सांग, डोंग्यात बस म्हणा. माह्या पोरानं त्याले काठावर बसाले नाही वाचवलं."

पट्ट्या सोडायच्या दिवशी खिडक्यांना चादरी लावून उजेड कमी केला होता. नागपूरचे डॉक्टर ओळीने येत होते. रेवताबाईची पट्टी सुटली तेव्हा आधी नुसता पांढुरका धूर दिसला. डॉक्टरांनी जाड भिंगाची चौकट तिच्या नाकावर धरली आणि धुरातून एकदम एक निळा स्वेटर वर आला. इतका निळा रंग जगात असतो, हे ती विसरून गेली होती.

"किती बोटं, आजी?"

"तीन. अन् तुमचं एक बटन तुटलं हाय."

डॉक्टरांनी खाली पाहिलं आणि ते हसले. वाकून त्यांनी तिचा डोळा टॉर्चने न्याहाळला, मग पलीकडे ताराचा. सिस्टरला जवळ बोलावून दाखवला. "पाहा, असे टाके बसायला पाहिजेत. या दोघी किती शांत राहिल्या असतील याचा विचार करा. शिबिरात यांच्याइतके चांगले डोळे कुणाचे नाहीत."

हे सगळ्या वर्गासमोर बोललं गेलं. रेवताबाईने हात जोडले, आणि जोडलेले हात कपाळाला लावले. एरवी ती कुणाच्या कौतुकावर मान उडवायची; आज तिने ते सगळंच्या सगळं घेतलं. जमुना उशाशी उभी होती. तिच्याकडे बोट दाखवून रेवताबाई म्हणाली, "ही माही पोरगी हाय, डॉक्टरसाहेब. अन् ती तिकडची आमच्या घरची सून. त्यायनं राखलं आमाले."

तुळसाने पदर पुढे ओढला, पण चेहरा लपला नाही.

मग सिस्टरच्या हाताच्या आधाराने रेवताबाईने पहिल्यांदा मान वळवली. डाव्या अंगाला एक म्हातारी बसली होती. केस पांढरेफटक, गाल आत गेलेले.

"तारा, तू तं म्हातारी झाली."

"दिसत नाही मले अजून," तारा म्हणाली, "पण तू का जवान राहिली असशील?"

तपासायची चौकट एकच होती. सिस्टरने ती रेवताबाईच्या नाकावरून उचलून ताराच्या नाकावर ठेवली, आणि रेवताबाईभोवती पुन्हा धूर आला. त्यात तिला ताराचा आवाज ऐकू आला.

"मुरारी कुठं हाय? पुढं ये. अजून पुढं. उजेडाकडं तोंड कर."

तनशीवर गुडघे टेकल्याचा आवाज झाला. इश्वर आणि मुरारी एका महिन्याच्या आतबाहेरचे, एका पाळण्यात निजलेले. तारा त्याच्याकडे पाहत होती, हे रेवताबाईला न दिसता कळत होतं.

"केस पिकले तुहे, कानाजवळ."

"हो, काकी."

"त्याचे बी पिकले असते आता." तिचा हात फिरत असावा, मुरारीच्या कानशिलावरून, गालावरून. "असाच दिसला असता. थोडा सावळा."

"आजी," सिस्टर हळूच म्हणाली, "रडायचं नाही बरं, अजूनही नाही."

"रडून नाही राहिली, पोरी. पाहून राहिली."

सिस्टर चौकट काढून घ्यायला वाकली. रेवताबाईची अजून बाकीची तपासणी राहिली होती, आणि तिने आपल्या पोराचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. रेवताबाईने सिस्टरचा हात धरून थांबवला.

"राहू दे तिच्याजवळ," ती म्हणाली. "मले घाई नाही."

आणि हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, ती त्या पांढुरक्या धुरात बसून राहिली.